अंजूरफाटा : मोजणीत नसलेली माणसे

अंजूर हे भिवंडी तालुक्यातील जुने गाव. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत पुढाकार घेणाऱ्या नाईक घराण्यामुळे इतिहासात त्याची नोंद आहे. आज ठाणे जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांना हे नाव ठाऊक आहे ते गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाट्यामुळे. ठाण्याहून भिवंडीत शिरणारा जुना आग्रा रस्ता, चिंचोटी-कामणकडून येणारा रस्ता आणि माणकोलीकडे जाणारा रस्ता यांची गाठ अंजूरफाट्यावर पडते. वसई-दिवा लोहमार्गावरील भिवंडी रोड स्थानकही जवळच. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या परिसरात एकेकाळी भाताची खाचरे होती. तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत आणि देशभरचा माल कंटेनरमधून त्यांच्याकडे येतो-जातो. २०२४ साली मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यावर डोंबिवलीची वाहतूकही या बाजूस उतरली.

या रस्त्यांवर चालणारी माणसेही आहेत. गोदामातील हमाल, यंत्रमागावरील कामगार, शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या बाया रोज जीव मुठीत धरून पलीकडे जातात. धडधाकट माणसाची ही स्थिती, तर कुबड्या घेऊन चालणाऱ्याची, चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याची किंवा पांढऱ्या काठीच्या आधाराने वाट काढणाऱ्याची काय असेल?

असा प्रश्न कोणी विचारला की सरकारी कार्यालयांतून एक ठरलेले उत्तर मिळते : ‘येथून अपंग माणसे फारशी जातच नाहीत.’ वरवर पाहता ते खोटे नाही. पण ती जात नाहीत, याचे कारण त्यांना जाता येत नाही. पुराच्या नदीवर पूल बांधण्यापूर्वी पोहून जाणाऱ्यांची शिरगणती करावी आणि पुलाची गरज नाही असा निष्कर्ष काढावा, तसा हा प्रकार आहे. रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव वाहनांच्या मोजणीवर उभा राहतो. कंटेनरची वाचलेली मिनिटे रुपयांत मांडली जातात. ज्या अपंग कामगाराने पलीकडचे काम सोडले, ज्या अंध विद्यार्थ्याचे शिक्षण रस्त्याच्या अलीकडे थांबले, त्यांचे नुकसान कोणत्याच रकान्यात येत नाही. लाभ गोदामांच्या मालकांच्या वहीत आणि खर्च दुर्बलांच्या आयुष्यात, असा हा हिशेब आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही त्याला तोट्याचा हिशेब म्हणतील.

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४५ मध्ये ध्वनी देणारे वाहतूक-दिवे, पदपथाच्या कडेला उतार आणि अंधांना पायाला वा काठीला जाणवतील अशा खुणा झेब्रा पट्ट्यांवर करण्याचा स्पष्ट उल्लेख होता. फक्त त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी शेपटी जोडलेली होती, आणि वीस वर्षे प्रशासनाने कायद्याऐवजी ती शेपटीच अंमलात आणली. तिची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि कलम ४१ मध्ये सुगम रस्त्यांची जबाबदारी शासनावर टाकली. दरम्यान सरकारने ‘अपंग’ शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द आणला. नाव बदलण्यास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि किमान निकष बंधनकारक करण्यास सांगितले. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने पदपथाचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, आणि ते पदपथ अपंगांना वापरता येतील असे असावेत, हेही.

न्यायालयाचा कागद अंजूरफाट्यावर पोचला की त्याचे रूपांतर बहुधा पादचारी पुलाच्या मागणीत होईल. येथे कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. पूल दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, आणि गाड्यांना थांबावे लागत नाही. पुढाऱ्यांना तो प्रिय असण्याचे कारण हेच. थोडे गणित करावे. उंच वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी जागा सोडली तर पुलाची चाल सुमारे सहा मीटर उंचीवर जाते. म्हणजे सुमारे चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. पायऱ्यांऐवजी चाकाच्या खुर्चीला झेपेल असा बारास एक प्रमाणाचा उतार द्यायचा, तर तो एका बाजूलाच बहात्तर मीटर लांब होतो. विश्रांतीचे सपाट टप्पे वेगळेच. म्हणजे पंचवीस-तीस मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी दीडशे मीटरचा चढउतार. मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून उभारलेल्या स्कायवॉकचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. यंत्राला सपाट जमीन आणि माणसाला जिने, ही विभागणीच मुळात मान्य करता कामा नये.

रस्ता जमिनीवरूनच ओलांडता आला पाहिजे. वाहतूक-दिव्यांची वेळ ठरविताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने चोवीस मीटर रुंदीला वीस सेकंद पुरतात. कुबड्यांवर चालणाऱ्याचा वेग याच्या निम्मा धरला तर त्याला चाळीस सेकंद लागतील. विसाव्या सेकंदाला तो ऐन मध्यावर असेल आणि समोरचा कंटेनर सुटलेला असेल. म्हणून दिव्याची वेळ वाढवावी, आणि मध्यभागी रस्त्याच्याच पातळीवर सुरक्षित थांबा ठेवावा, म्हणजे एका वेळी बाराच मीटर ओलांडावे लागतील. दुभाजकाचा फूटभर उंच कठडा फोडून तेथे खुर्ची जाईल एवढी वाट करावी. अंधांसाठी ध्वनी आणि पायाखालच्या उठावदार फरशा हव्यात. आणि त्या फरशा विजेच्या खांबावर किंवा टपरीवर जाऊन संपू नयेत. या कामांचा खर्च एका उड्डाणपुलाच्या शेजारी मांडण्याचीही लाज वाटावी इतका थोडा आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. वाचले पण कायमचे पंगू झाले, ते या आकड्यांत नाहीत. ज्या रस्त्याला अपंग माणूस चालत नाही, तोच रस्ता नवे अपंग घडवितो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आहे. रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत ठरलेले निकष मोडल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम ठेकेदाराच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण या कलमाखाली तक्रार नोंदवून घेण्याचा आग्रह धरला तर आखणीचे कागद तरी उजेडात येतील.

अडचण मालकीची आहे. महानगरपालिका, ग्रामपंचायती, सार्वजनिक बांधकाम खाते आणि एमएमआरडीए यांच्या हद्दी येथे एकमेकींना खेटून आहेत, आणि प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे असते. त्यामुळे कामाची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करावी. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. तो पैसा दरवर्षी वस्तूवाटपात संपविण्याऐवजी त्यातून गावातल्या गल्लीपासून फाट्यापर्यंतची वाट नीट करण्याची मागणी परिसरातील अपंगांनीच ठरावात मांडावी, आणि मोठ्या रस्त्याचा भाग ज्याच्या ताब्यात आहे त्याला ठरावाची प्रत पाठवून लेखी उत्तर मागावे.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिच्या आराखड्यात अंजूरफाटा स्थानक आहे. स्थानकात उद्वाहन असेल, हे गृहीत धरू. त्या उद्वाहनाच्या दारापर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चाकाची खुर्ची कशी पोचणार, याचा नकाशा एमएमआरडीएकडे लेखी मागितला पाहिजे, आणि तो मागताना फाट्यावरून रोज जाणाऱ्यांबरोबर घरीच बसावे लागणाऱ्यांच्याही सह्या अर्जावर असाव्यात.