मैदानात मान, गणतीत वगळणूक

ऑस्ट्रेलियाची फुटबॉल लीग २०१६ पासून दरवर्षी सामन्यांची एक फेरी सर डग निकोल्स यांच्या नावाने खेळविते. हा गौरव उचितच होय. परंतु ज्यांच्या नावाने हा सोहळा होतो, त्यांस त्याच मैदानाच्या दारात काय अनुभव आला, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

निकोल्स यांचा जन्म १९०६ साली न्यू साउथ वेल्समधील कमेरागंजा या आदिवासी वसाहतीत झाला. १९२७ साली ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबाकडे गेले. खेळाडूंचे अंग चोळून देणाऱ्या तेथील सेवकांनी या काळ्या अंगास हात लावण्याचे नाकारले. स्पर्श टाळण्याचे हे शास्त्र आम्हांस नवे नाही! निकोल्स नॉर्थकोटकडे वळले व १९३२ साली फिट्झरॉय क्लबात आले. तेथेही ते कपडे बदलण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात एकटेच बसत. त्या काळचा नामांकित खेळाडू हेडन बंटन आपण होऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसला, ही गोष्ट आम्हांस कित्येक विजयांहून मोठी वाटते. जेमतेम सव्वापाच फूट उंचीच्या या चपळ गड्याने १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याचे प्रतिनिधित्व केले.

आणि त्याच वेळी देशाची राज्यघटना काय सांगत होती? लोकसंख्या मोजताना आदिवासींस धरू नये, असे तिचे १२७ वे कलम होते. हजारो प्रेक्षक ज्याच्या नावाने टाळ्या पिटीत, तो माणसांच्या गणतीत नव्हता. निकोल्स यांचे वडीलधारे आप्त विल्यम कूपर यांनी पार्लमेंटात आदिवासींचा प्रतिनिधी असावा म्हणून राजाकडे अर्ज केला. सुमारे १८०० सह्यांचा तो अर्ज सरकारने पुढे धाडलाच नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी, गोऱ्यांच्या आगमनाचा दीडशेवा उत्सव चालू असता, सिडनीत आदिवासींनी शोकदिन पाळला. निकोल्स त्यांत होते.

पुढे ते पाद्री झाले. मैदानावरील कीर्ती त्यांनी समाजाच्या कामी लावली. १९५७ साली व्हिक्टोरियात आदिवासींची उन्नतिसंस्था उभी राहिली, तीत ते अग्रभागी होते. २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते कलम रद्द केले. निकोल्स तेव्हा साठ वर्षांचे होते.

१९७२ साली त्यांस 'सर' ही पदवी व १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपालपद मिळाले. एकास राज्यपाल केले, आता तक्रार कसली, असे विचारणारे सर्वच देशांत भेटतात. त्यांनी १९२७ ते १९६७ ही चाळीस वर्षे मोजून पाहावीत. आजारपणामुळे निकोल्स यांनी काही महिन्यांतच ते पद सोडले. १९८८ साली त्यांचे निधन झाले, आणि राजभवनातून गेलेला हा पुरुष कमेरागंजाच्याच मातीत पुरला गेला.