पायगाडीची पडशी

भूगांवाहून पश्चिमेस निघालेला रस्ता पिरंगुटचा घाट उतरून पौडास जातो, मुळशीच्या जलाशयाच्या कडेनें ताम्हिणीच्या रानांत शिरतो आणि तेथून कोंकणांत उतरतो. पुण्याची वस्ती आतां आमच्या गांवास येऊन भिडली आहे, आणि सकाळ वर आली म्हणजे हमरस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात. तरीहि पहांटे सायकलींवरून डोंगराकडे निघालेले तरुण येथें नित्य दृष्टीस पडतात. आमच्या आळींतील पांच मुलांनीं, त्यांत दोन मुली आहेत, येत्या डिसेंबरांत चार दिवसांची फेरी योजिली आहे. पहिला मुक्काम ताम्हिणीस; दुसऱ्या दिवशीं घाट उतरून माणगांवावरून रायगडाच्या पायथ्याशीं पाचाडास; तिसऱ्या दिवशीं महाडावरून वरंध घाटाचा चढ; आणि चौथ्या दिवशीं भोरवरून घर. जमेल तेथें डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेनें जाण्याचाहि त्यांचा मानस आहे. त्यांच्या मातापितरांनीं आम्हांस विचारिलें, ‘यांना पाठवावें काय?’ आमच्या मतें हा प्रश्न अर्धा आहे. बरोबर काय देऊन आणि काय शिकवून पाठवावें, हा पुरा प्रश्न होय.

पूर्वीं वाटसरू खांद्यावर दुतोंडी पडशी टाकून निघे. हल्लीं सायकलीच्या मागील चाकाच्या दोन्ही अंगांस तशाच पिशव्या अडकवितात. तेव्हां या लेखापुरतें आम्ही त्यांस पडशीच म्हणूं. पडशी बांधणाऱ्यानें प्राचीन वैयाकरणांचा कित्ता गिरवावा. सूत्रांतील अर्धी मात्रा वांचली तरी त्यांस पुत्रजन्माचा आनंद होई, अशी त्यांची ख्याति आहे. पण अर्थ गमावून मात्रा वांचविणें त्यांस कधींच मान्य नव्हतें. ओझें कमी करावें, अर्थ मात्र सोडूं नये, हेंच येथील सूत्र.

रात्रीं गांवांत निवारा मिळणार असेल तर पाणी वगळून माणशीं सात-आठ किलोंहून अधिक सामान नसावें. चढावर प्रत्येक किलो पायांस जाणवतो हें सर्वांस ठाऊक असतें. उतारावर तोच किलो ब्रेकांवर पडतो आणि खांचखळग्यांत मागील चाकाचे आरे तोडतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जड वस्तु तळाशीं ठेवावी, दोन्ही पिशव्यांचें वजन सारखें असावें, आणि पाठीवर शक्य तों कांहींच घेऊं नये. पाठीवरील ओझ्यानें मनगटें अवघडतात, आणि वाट खडबडीत असली म्हणजे तोलहि जातो.

व्याकरणांत अनुवृत्ति म्हणून एक युक्ति आहे. एका सूत्रांत आलेला शब्द पुढील अनेक सूत्रांत उपयोगास येतो. पडशींतील वस्तूहि अशीच असावी. साधा पंचा घ्या. तो अंग पुसतो, मानेवरचें ऊन अडवितो, आणि हात दुखावला तर गळ्यांत बांधावयाची झोळी होतो. कपड्यांचे दोन जोड पुरेत, एक अंगावर व एक पिशवींत. सायकल चालवितांना सुती सदरा मात्र नको. घामानें भिजला कीं तो लवकर वाळत नाहीं आणि पहांटेच्या गार उतारावर अंगांत हुडहुडी भरवितो. हत्यारांचा एक संच पांचांत पुरतो, हातपंप दोन असावेत. ट्यूब मात्र प्रत्येकाची आपली, आणि तीहि दोन.

आतां अर्थाकडे वळूं. पौड मागें पडल्यावर गिअरच्या सायकलीचे सुटे भाग वाटेंत मिळतील असा भरंवसा धरूं नये. म्हणून पंक्चरचें साहित्य, ॲलन पान्यांचा संच, साखळी जोडण्याचें हत्यार व जोडकडी, ब्रेकचे जादा गुटके आणि त्या त्या चाकाच्या मापाचे दोन-तीन आरे बरोबर हवेत. आणखी एक लहानशी पट्टी विसरूं नये. मागील गिअर जिला टांगलेला असतो ती हँगर नांवाची पट्टी पुष्कळ सायकलींत मुद्दाम मऊ धातूची केलेली असते; सायकल पडली तर चौकट वांचावी आणि ती पट्टीच वांकावी, असा त्यांत हेतु आहे. तिचे आकार मात्र नाना प्रकारचे, त्यामुळें शेजाऱ्याची पट्टी आपल्या सायकलीस बसेलच असें नाहीं.

परंतु हत्यार पिशवींत असणें आणि विद्या हातांत असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. म्हणून त्या पालकांस आम्हीं एक परीक्षा सुचविली. निघण्यापूर्वीं पंधरा दिवस प्रत्येक मुलानें व मुलीनें रात्रीं अंगणांत, विजेरीच्या उजेडांत, दुसऱ्या कोणाची मदत न घेतां मागील चाक काढावें, ट्यूब बदलावी आणि चाक परत बसवून दाखवावें. नंतर भरलेली पडशी लावून सर्वांनीं पिरंगुटचा घाट उतरून पौडापर्यंत जावें आणि तोच घाट चढून परत यावें. कोणती पिशवी घासते, कोणता पेंच ढिला होतो आणि कोणती वस्तु उगीच घेतली, हें ती एक फेरी सांगेल.

खरी चिंता ताम्हिणीच्या उताराची आहे. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून वळण येण्याआधींच, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक थोडे दाबावे, सोडावे, पुन्हां दाबावे. भरलेली सायकल थांबण्यास अधिक अंतर घेते. तेव्हां पुढच्याच्या मागें चिकटून जाऊं नये. डोक्यास शिरस्त्राण आणि मागें तांबडा दिवा असल्यावांचून कोणीहि निघूं नये. वरंध घाट दरडींमुळें किंवा रस्त्याच्या कामामुळें कधीं कधीं बंद असतो. त्याची चौकशी आधीं करावी.

खाण्याविषयीं घरांतील मातांस विनंति आहे कीं, वात्सल्य डब्याच्या वजनावर मोजूं नये. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, आणि पुढें गूळपापडी व शेंगदाणे एवढें पुरे. पुढच्या गांवांत भाकरी मिळते. पाणी माणशीं तीन लिटर असावें. फार घाम गेला असतां एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट प्यावें. प्रत्येकाच्या खिशांत रक्तगट, औषधांचें वावडें आणि घरचा दूरध्वनि लिहिलेला कागद असावा. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक पाठ असावा. परंतु दऱ्याखोऱ्यांत मोबाइल मुका होतो, म्हणून कागदी नकाशाहि हवा.

कांहीं सामानास वजनच नसतें. ज्या जलाशयाच्या कडेनें हीं मुलें जातील, त्याखालीं बुडणाऱ्या जमिनींसाठीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ या काळांत सत्याग्रह केला, एवढें तरी त्यांस सांगून पाठवावें.

मुलींना पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न अजून हळूच विचारला जातो. मुंबईहून १९२३ सालीं निघालेले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परतले, याचें आपण कौतुक करतों. मग २०१८ सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें विशींतच सायकलीवरून सुमारें २९,००० किलोमीटरांची जगप्रवासाची मजल मारली, हेंहि ध्यानांत ठेवावें. आमची परीक्षा पांचांस सारखीच आहे. चाक बसविणाऱ्या हाताकडे पाहावें. तो हात मुलाचा कीं मुलीचा, हें पाहण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक करार. पांचांपैकीं कोणीहि एकानें ‘आज येथेंच थांबूं’ किंवा ‘परत फिरूं’ असें म्हटलें, तर बाकीच्यांनीं वाद घालूं नये व मागाहून त्याची थट्टाहि करूं नये. हें वचन मुलांनीं एकमेकांस द्यावें. आणि परत फिरून आलेल्यांस कोणी हिणवणार नाहीं, असें वचन घरच्यांनीं त्यांस द्यावें. हें दुसरें वचन मिळाल्यावांचून पहिलें पाळलें जाणार नाहीं, हें वडील मंडळींनीं विसरूं नये.