घर पाडू नका, उतरवा!

वसईच्या गावागावांतून जुनी घरे पाडली जात आहेत, याबद्दल आमची तक्रार नाही. कुटुंबे वाढली, भिंती खचल्या; नवे घर हवेच. तक्रार आहे ती पाडण्याच्या रीतीविषयी. यंत्राचा एक फटका बसतो आणि सागवानी तुळया, मंगलोरी कौले, पितळी कड्यांची दारे यांचा क्षणात राडारोडा होतो. त्यातले धड लाकूड कंत्राटदार उचलतो व जुन्या सामानाच्या बाजारात विकतो. आम्ही मात्र नव्या चौकटींसाठी कर्ज काढतो! याला प्रगती म्हणावे काय?

वस्तुतः आपल्या पूर्वजांची घरे उकलता येण्याजोगी होती. कौले रिपांवर नुसती टेकलेली असतात. ती हातांनी उतरवता येतात. चुन्यात बांधलेली वीट घासून साफ होते. सिमेंटातली वीट मात्र सोडवू जाता फुटते. जे सहज वाचवता येते, तेच आम्ही चिरडतो आहोत.

जुने लाकूड वापरणे म्हणजे दारिद्र्याचे प्रदर्शन, असे काहींना वाटते. त्यांनी केरळकडे पाहावे. इंग्लंडातून येऊन तिथे स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी पाडलेल्या इमारतींची दारे, खिडक्या व लाकूड आपल्या बांधकामांत मानाने वापरले; तिरुवनंतपुरम येथील स्वतःच्या घरातही वापरले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. दारिद्र्याचे प्रदर्शन केल्याबद्दल खचितच नव्हे!

उतरवण्याला वेळ व मजुरी अधिक लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण ती मजुरी गावच्या सुताराच्या आणि गवंड्याच्या घरी जाते. सारेच पुन्हा वापरावे, असेही आम्ही म्हणत नाही. वाळवीने पोखरलेली तुळई छताला घालू नये. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांना तर हात लावू नये. पण तुळईचा किडका भाग कापून उरलेल्याची चौकट का करू नये?

केंद्र सरकारने २०१६ साली बांधकामाच्या राडारोड्यासाठी नियम केले. तरीही भरावाच्या गाड्या सखल जमिनींवर रित्या होतच राहिल्या. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा पाण्याच्या वाटा कोणी बुजवल्या, हा प्रश्न सर्वांनी विचारला. त्या भरावात आपल्याच घरांच्या भिंती नव्हत्या काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. घर उतरवण्यापूर्वी कौले, दारे, तुळया मोजा. त्यांची यादी करारनाम्यात लिहा. आणि स्वतःला नको असलेले गावातल्या गरजवंताला द्या. वडिलोपार्जित जमिनीच्या एका गुंठ्यासाठी कोर्टाची पायरी चढणारे आपण, वडिलोपार्जित सागवान फुकट कसे सोडतो?