कटोरा नको, कुऱ्हाड द्या

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर परिसरातील कोणत्याही मस्जिदीच्या दाराशी जा. हात पसरणाऱ्यांची रांग दिसेल. त्यात विधवा आहेत, अपंग आहेत आणि त्यांच्या मागे, जरा अंतर राखून, ऐन उमेदीत खंगलेले तरुणही आहेत. कुणी गर्दुल्ला, कुणी दारुडा, कुणी पंक्चरचे सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगणारा. आपण नमाज पढून बाहेर पडतो, खिशातले सुटे पैसे त्यांच्या हातावर टेकवतो आणि सवाब मिळाल्याच्या समाधानात घरी जातो. त्या पैशांचे पुढे काय होते हे आपल्याला ठाऊक असते. तरीही दरवर्षी आपण तेच करतो. आमचा आक्षेप या डोळे मिटून केलेल्या खैरातीवर आहे.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याकडे एक अन्सारी मनुष्य मागायला आला, ही हदीस आपण मदरशात ऐकलेली असते. पैगंबरांनी त्याच्या हातावर नाणे ठेवले नाही. घरात काय आहे, असे विचारले. अंथरायला-पांघरायला एक जाड कापड आणि पाणी प्यायला एक कटोरा, एवढेच होते. पैगंबरांनी त्या वस्तूंचा लिलाव केला, दोन दिरहम आले. एकाचे धान्य घरी द्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली आणि तिचा दांडा स्वतःच्या हाताने बसवला. लाकडे तोडून वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. आपल्या वाअझमध्ये ती वारंवार सांगितली जाते. मग आपल्या किती मस्जिदींच्या ट्रस्टनी आजवर एखाद्या कुऱ्हाडीला दांडा बसवला?

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. तो अन्सारी गरीब होता, नशेबाज नव्हता. शराबी-चरसी माणसाला कशाला जवळ करायचे? असे विचारणाऱ्यांनी बुखारीतील हदीस आठवावी. दारूच्या गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी शाप देणाऱ्यालाच रोखले आणि या माणसाचे अल्लाह व रसूलवर प्रेम आहे, असे सांगितले. दारू हराम आहे यात वाद नाही. पण दारू हराम म्हणून दारुडाही हराम, हा फतवा कुणी दिला?

दुसरे उत्तर असे, की हे काम सरकारचे आहे. सरकारचे आहेच. पण सरकारने काय केले ते पाहा. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार भीक मागणाऱ्याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात भिक्षागृहात काम करणाऱ्याला महिन्याला ५ रुपये मिळत होते. ते दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०२५च्या एप्रिलमध्ये! शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे आला. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत बारा लाखांवर होती. म्हणजे किमान बारा निवारे हवेत. ते कुठे आहेत, हे महापालिकेला जरूर विचारावे. पण उत्तर येईपर्यंत फलाटावरचा माणूस तिथेच कुजत ठेवायचा काय?

विठ्ठलवाडीत राहणाऱ्यांनी तरी हे काम अशक्य म्हणू नये. स्टेशनाला लागून उल्हासनगर पसरले आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. घर गेलेले, गाव गेलेले लोक. निवारा आणि शिधा मिळाला, पण ते शिध्यावर बसून राहिले नाहीत. घराघरांत लहान कारखाने निघाले. आज जीन्सच्या शिलाईसाठी हे शहर देशभर ओळखले जाते आणि आमच्या समाजाचे कितीतरी कारागीर तिथे पोट भरतात. फाळणीचा इतिहास आपल्याला कसाही आठवो, बेघर माणूस लहानशा कारखान्यातून उभा राहतो, याचा पुरावा आपल्या शेजारी आहे.

निर्वासितांना नशेचा विळखा नव्हता, हे मान्य. म्हणून पुण्याकडे पाहावे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक हात दिला आणि १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले. तिथे बरा झालेला रुग्णच पुढे नव्या रुग्णाला आधार देतो. त्याहून जुने उदाहरण आनंदवनाचे. वरोऱ्याजवळ १९४९पासून बाबा आमटे यांनी, ज्यांना लोक घरातून हाकलत होते अशा कुष्ठरुग्णांच्या हाती हातमाग आणि शेतीची अवजारे दिली. पुण्यातच १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. लोकांनी टाकून दिलेली माणसे कामातून पुन्हा माणसांत आली.

कारखाना हा दवाखान्याला पर्याय नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. गर्द सुटताना अंग मोडते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. मुरलेल्या दारुड्याने एकाएकी दारू सोडली तर त्याला झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. पण उपचार संपवून तो त्याच पुलाखाली, त्याच सोबत्यांत परततो आणि रिकामा दिवस त्याला पुन्हा खेचतो. कारखाना हवा तो या रिकाम्या दिवसासाठी.

आता तिसरा आणि सर्वांत अवघड मुद्दा. आमचे काही आलिम म्हणतील, जकात कुणाच्या तरी मालकीची करून द्यावी लागते. ती इमारतीला किंवा मजुरीला लावता येत नाही. बरोबर आहे, आम्ही ती लावायला सांगतही नाही. गाळ्याचे भाडे, वीज आणि मजुरीची सुरुवातीची तूट सदक्यातून भागवा. वक्फची एखादी खोली पडून असेल तर ती वापरा. जकातीतून मात्र शिलाई मशीन, कात्री, हत्यारे घ्या आणि ती त्या माणसाच्या मालकीची करा. कोकणी मुसलमान ज्या शाफई मजहबचे आहेत, त्यातील इमाम नववी यांनी कारागिराला त्याच्या हत्यारांपुरती जकात देण्याचे सांगितलेच आहे. ज्याच्याकडे जकातपात्र एक लाख आहेत, त्याचे अडीच हजार निघतात. अशी चाळीस घरे एकत्र आली तर एक लाख रुपये होतात. एका मोहल्ल्यात चाळीस घरे मिळणार नाहीत?

कामही दूर शोधायला नको. उल्हासनगरच्या गाळ्यांतून निघणारी कतरण आहे. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांना मागणी आहे. ज्याचे हात थरथरतात त्याला मशीनवर बसवू नये. धागे कापणे, घड्या घालणे, गठ्ठे बांधणे यापासून सुरुवात करावी. दुपारचे जेवण तिथेच असावे. सगळी मजुरी एकदम रोख दिली तर ती नशेत जाण्याचा धोका असतो. म्हणून त्याच्या संमतीने थोडी हातात, बाकीची त्याच्या नावच्या खात्यात. खात्याला सहसा ओळखपत्र लागते आणि ते फलाटावरच्या माणसाकडे नसते. ते काढून देणे हे आमच्यासारख्या शिकलेल्यांचे काम.

दोन गोष्टींवर मात्र पहारा हवा. पहिली, ट्रस्टींनी याला स्वस्त मजुरांचा अड्डा करू नये. मजुरी बाजारभावाने द्यावी आणि हिशेब दर महिन्याला मस्जिदीच्या फलकावर लागावा. दुसरी, दारात आलेल्याचा धर्म विचारू नये. जकातीचे नियम असतील ते असोत, सदक्याला असे बंधन नाही.

हे परोपकारासाठीच करायचे असे नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या व्यसनविषयक सर्वेक्षणात हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळले. बाकी कोणत्याही नशेत असे दिसले नाही. आम्ही उर्दू शाळांतून शिकवतो. सातवी-आठवीत पटावरून नाव गळालेला मुलगा उद्या कुठे दिसेल, ही धास्ती आम्हांला रोज असते. आज पुलाखाली पडलेला माणूसही कधीतरी कुठल्यातरी वर्गाच्या हजेरीपटावर होताच.

जकातीचे पैसे वाटून संपवण्याआधी, येत्या रमजानपूर्वी प्रत्येक मस्जिद कमिटीने एक बैठक घ्यावी. पाच माणसे, एक खोली, दोन मशीन एवढ्यावर सुरुवात होते. पाचांपैकी दोन पळून जातील, एखादा मशीन विकूनही टाकील. तेव्हा आपले लोक म्हणतील, आम्ही सांगितलेच होते. त्यांना म्हणू द्यावे. उरलेल्या तिघांना कामावर ठेवावे आणि पळालेल्या दोघांसाठी दार उघडे ठेवावे.