दवाखाना हवाच, पण पलाटही हवा

साथींनो, 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हा सगळ्या राज्याला आपले पाडे दिसले. तेव्हापासून साहेब लोक येतात, मुलांचं वजन घेतात आणि आयांना सांगतात, 'पोराला नीट खायला घाला.' घालू हो, पण कणगीत काय उरलंय ते कुणी बघत नाही.

पावसाळ्यात नागली-वरई संपते. दिवाळी झाली की घरदार वीटभट्टीवर जातं. अंगणवाडीचा काटा तिथं येत नाही. पलाट नावावर नाही म्हणून बांध घालायचा धीर होत नाही. आज घातला तर उद्या गार्ड मोडील. मग पीक कमी, कर्ज जास्त, पोर अशक्त. हा रोग नुसत्या गोळीनं जात नाही.

डॉक्टर आणि औषध आपला हक्कच आहे, तो सोडायचा नाही. पण जमीन, पाणी, काम याशिवाय औषध अंगी लागत नाही. रोजगार हमीचा कायदा म्हणतो, काम मागितल्यापासून 15 दिवसांत द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या.

म्हणून पाड्यापाड्यात बैठका घ्या. आधी बायांना बोलू द्या. तीन गोष्टी कागदावर उतरवा: कुणाच्या घरी धान्य किती महिने पुरतं, उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणावं लागतं, काम मागणाऱ्याला काम मिळालं का. ही यादी घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ. काम लेखी मागा, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.