अभिमानापुढची कसोटी

चरक-सुश्रुतांनी मधुमेहाचे वर्णन केले. बेडकीच्या पाल्याला आपण मधुनाशिनी म्हणतो. पण निव्वळ अभिमानाने रक्तशर्करा उतरत नाही, आणि आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत! लोणी काळभोरच्या एमआयटी विद्यापीठात जैवअभियांत्रिकी शिकणाऱ्या पिढीच्या हाती आता संगणक आहे. पिष्टाची साखर करणाऱ्या विकराच्या खाचेत वनस्पतीतला कोणता रेणू घट्ट बसेल, याचा अंदाज पडद्यावर बांधून हजारोंतून मोजके रेणू निवडता येतात. हे औषध नव्हे, केवळ चाळणी; प्रयोगशाळेच्या आणि रुग्णांवरील चाचण्या उरतातच. गॅलेगा या युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासाचा धागा पाश्चात्त्यांनी असाच चिकाटीने मेटफॉर्मिनपर्यंत नेला. १९९७ मध्ये हळदीचे अमेरिकी पेटंट आपण रद्द करविले, तो बचाव होता. आयुष मंत्रालयाने आता या चाचण्यांसाठी निधी द्यावा.