नकाशावर नसलेली राज्ये

अमेरिकेत नवे राज्य कल्पिणे, त्याला नाव देणे आणि राजधानी नेमणे हा फार जुना उद्योग आहे. नकाशा पुढे घ्यावा, दोन रेघा ओढाव्यात आणि बारसे उरकावे, इतका तो सोपा भासतो. त्याचा आरंभ थॉमस जेफर्सनसारख्या विद्वानाने केला. १७८४ साली पश्चिमेकडील प्रदेशांसाठी त्याने जी दहा नावे सुचविली, त्यांत मेट्रोपोटेमिया, पॉलिपोटेमिया, असेनिसिपिया अशी कलमी नावे होती. काँग्रेसने ती गाळून टाकली, हे तेथील शाळकरी मुलांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने डोंगरापलीकडचा आपला मुलूख केंद्राला देऊ केला. आपल्याला कोणी वाली उरला नाही, असे वाटून तेथील वसाहतवाल्यांनी स्वतःचेच राज्य उभारले. बेंजामिन फ्रँकलिनचा पाठिंबा लाभावा म्हणून राज्याला त्याचे नाव दिले. राजधानी आधी जोन्सबरो, मग ग्रीनव्हिल. नाणे दुर्मिळ असल्याने कर कातडी, मेण, कापड अशा जिनसांत घेण्याची सोय करावी लागली. फ्रँकलिनकडून सदुपदेशापलीकडे काही मिळाले नाही आणि काँग्रेसची मान्यताही नाही. चार वर्षांत ते राज्य मोडले.

अशा बहुतेक नावांमागे एखादे आर्थिक गाऱ्हाणे दडलेले आढळते. १९४१ मध्ये उत्तर कॅलिफोर्निया व दक्षिण ऑरेगनमधील काही जिल्ह्यांनी ‘जेफर्सन’ राज्य पुकारले आणि वायरीका ही राजधानी ठरविली. तांबे व लाकूड बाहेर काढण्यास धड रस्ते नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि चळवळ आपोआप थंडावली.

सर्वांत योग्य नाव मात्र सर्वांत निष्ठुरपणे नाकारले गेले. १९०५ साली चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ व सेमिनोल या जमातींच्या प्रदेशात मस्कोगी येथे घटना-परिषद भरली. चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या सिक्वोयाचे नाव राज्याला द्यावयाचे आणि राजधानी फोर्ट गिब्सन करावयाची, असे ठरले. घटना लिहून झाली, मतदारांनी ती मोठ्या बहुमताने उचलून धरली. काँग्रेसने तिची दखल घेतली नाही. १९०७ मध्ये तो प्रदेश ओक्लाहोमा राज्यात विरून गेला.

या नकारामागचे गणित सरळ आहे. लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक राज्याला दोन सिनेटर मिळतात. एकाच्या जागी दोन राज्ये म्हणजे दोनाच्या जागी चार सिनेटर. शिवाय अस्तित्वात असलेले राज्य तोडावयाचे तर त्याच्या विधिमंडळाची संमती घटनेने आवश्यक मानली आहे. आपल्याकडे तसे नाही. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही २०१४ साली संसदेने तेलंगण निर्माण केले.

आज हा प्रश्न खुद्द राजधानीच्या शहरातच उभा आहे. २०१६ मध्ये कोलंबिया जिल्ह्यातील मतदारांनी राज्याच्या दर्जाला कौल दिला आणि ‘वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ’ हे नाव पुढे आले. गुलामगिरीविरुद्ध झगडलेल्या फ्रेडरिक डग्लसचे स्मरण त्यात आहे आणि डी. सी. ही अक्षरेही शाबूत राहतात. यातील गंमत अशी, की १८५३ मध्ये वायव्येकडील लोकांनी आपल्या प्रदेशासाठी ‘कोलंबिया’ नाव मागितले, तेव्हा या जिल्ह्याशी घोटाळा होईल म्हणून काँग्रेसने त्यांना ‘वॉशिंग्टन’ दिले होते.

२०२० च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात ६ लाख ८९ हजार लोक राहतात. वायोमिंग आणि व्हर्मांट या पूर्ण राज्यांहून ते अधिक आहेत. कनिष्ठ सभागृहाने २०२० व २०२१ मध्ये राज्याचे विधेयक संमत केले, सिनेटमध्ये ते अडले. हे लोक केंद्रीय प्राप्तिकर पुरता भरतात. सिनेटमध्ये त्यांचा कोणी नाही आणि कनिष्ठ सभागृहातील त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. २००० सालापासून त्यांच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर, ब्रिटिश राजाविरुद्धच्या लढ्यात गाजलेली ‘प्रतिनिधित्वाविना कर’ ही तक्रार छापलेली असते.